मंत्रीसाहेब, आईच्या स्लिपवर प्रोटीनचा रकाना कधी येणार?

मा. दुग्धविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

साहेब नमस्कार. मी दुधातल्या प्रोटीनवर रिसर्च करते, म्हणजे दिवसभर लॅबमध्ये केसीन आणि व्हे (दुधातली दोन प्रकारची प्रोटीन) वेगळं करत बसते, आणि घरी चार एचएफ (होल्स्टीन) गाई आहेत, त्यामुळे दुधाच्या दोन्ही बाजू बघितल्यात.

मे महिन्यात गावी गेले होते. सकाळी सहाला आईसोबत किटली घेऊन डेअरीवर गेले, तिथल्या पोराने सॅम्पल मशीनला लावलं, मिनिटभरात स्लिप बाहेर. फॅट 3.6, एसएनएफ 8.2. आई म्हणाली, "तीन पॉइंट गेले." बास, वाद नाही की काही नाही, किटली विसळली आणि निघाली. तुम्हाला माहितीच आहे, दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला जाहीर होतो, आणि त्याखाली घसरलं की दर 0.1 ला, म्हणजे पॉइंटला, कपात. पॉइंट वर गेला तर वाढ पैशात, खाली आला तर कापाकापी रुपयात, हे गाऱ्हाणं तुमच्यापर्यंत शंभर वेळा आलं असेल, म्हणून ते परत उगाळत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून उरलेलं सगळं एका पोत्यात भरलेलं. 8.5 टक्क्यांमध्ये साडेचारच्या वर तर नुसती दुधातली साखर, 0.7 च्या आसपास क्षार, आणि प्रोटीन साधारण सव्वातीन. आता एका गाईच्या दुधात प्रोटीन 3.1 आणि दुसरीच्या 3.3, दोघींचा एसएनएफ सेम, तर दर पण सेम! पण 10 हजार लिटरला हा फरक साधारण 20 किलो प्रोटीनचा होतो. पनीर, चीज, दह्याचा घट्टपणा हे सगळं त्यातूनच येतं, मग त्याचे पैसे प्लँटवाल्याला मिळतात आणि गाईवाल्याला नाही, असं का?

बरं, गावातलं मशीन प्रोटीन मोजतच नाही. ते दुधातून अल्ट्रासाऊंड सोडून फॅट-एसएनएफचा अंदाज काढतं. काही मशीनच्या स्क्रीनवर प्रोटीनचा आकडा दिसतो पण तो एसएनएफवरून हिशोबाने काढलेला असतो. त्यात कुणी एसएनएफ वाढवायला साखर नाहीतर माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) मारलं की प्रामाणिक माणूस हरला. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, उद्या तुमचे लोक म्हणतील प्रोटीनमध्ये नायट्रोजन असतो, तोच मोजू आणि त्यालाच प्रोटीन म्हणू, तर ते नको. 2008 मध्ये चीनमध्ये तेच झालं, नायट्रोजन वाढवायला दुधात मेलामाइन नावाचं रसायन घातलं आणि सुमारे 3 लाख लहान मुलं आजारी पडली.

मोजायचं ते इन्फ्रारेडने. मशीन महाग असतं, मान्य, प्रत्येक गावात ठेवायचं म्हणत नाहीये मी. आपल्याकडे बिल दहा दिवसांनी निघतंच ना, मग दहा दिवसांत प्रत्येकाचं एक-दोनदा सॅम्पल बाटलीत घ्यायचं, दूध नासू नये म्हणून गोळी टाकायची, आणि तालुक्याच्या चिलिंग सेंटरला एकच चांगलं मशीन. रोजचं फॅट-एसएनएफ आहे तसं चालू दे, प्रोटीनचा फरक बिलात जोडा. न्यूझीलंडमध्ये शेतकऱ्याला पैसे फॅट आणि प्रोटीनच्या किलोवरच मिळतात, नुसतं पाणी वाहून आणलं तर उलट कापतात. आणि हे आपल्याकडे जमणार नाही असं कुणी म्हणालं तर आणंदची आठवण करून द्या, म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते, आणि 1955 मध्ये अमूलच्या दलाया साहेबांनी ती करून दाखवली.

यातून आईला काय मिळेल ते पण सांगते. उन्हाळ्यात नुसता कडबा आणि उसाचं वाढं घातलं की गाईला ऊर्जा कमी पडते आणि पहिला फटका प्रोटीनला बसतो. आज तिला फक्त "एसएनएफ कमी" एवढंच कळतं, मग डेअरीवाल्याचं मशीन खराब आहे म्हणून ती वैतागते (कधीकधी असतंही). प्रोटीनचा आकडा दिसला की बाई स्वतःच मक्याचा भरडा वाढवून बघेल, तिला शिकवायला आम्ही कशाला पाहिजे. चीक थाळीत वाफवताना तो किती घट्ट बसेल हे ती गाय बघून सांगते, पहिल्या दिवसाच्या चिकात प्रोटीन 14 टक्क्यांच्या आसपास असतं, तिने ते कधी मोजलं नाही, पण तिचा खरवस कधी फसला नाही.

माझा धाकटा भाऊ जिमला जातो. त्याच्या व्हे प्रोटीनच्या डब्यावर चमच्याला किती ग्रॅम ते छापलेलं आहे. ते प्रोटीन गाईच्याच दुधातलं, आणि आमच्या गाईच्या दुधाच्या स्लिपवर त्याचं नाव सुद्धा नाही. आई डबा हातात घेऊन म्हणाली, "एवढ्याला तीन हजार?"

एका तालुक्यात सहा महिने करून बघा साहेब, उन्हाळा धरून. सॅम्पलच्या बाटल्या धुवायला माणूस कमी पडला तर मला सांगा.

आपली,
एका दूध उत्पादक बाईची मुलगी