विलायतेतली वर्गणी आणि हडपसरची फळी

संपादक महोदय, स.न.वि.वि.

परदेशी प्राणिमित्र संस्थांना आपल्याकडे काय काम, असा सूर वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून उमटतो. माझं त्यांच्याशी निम्मं पटतं. जंगली महाराज रस्त्यावर वाघाचा फोटो दाखवून 'मॅडम, दरमहा खात्यातून वळते करा' म्हणणारी मुलं मलाही गाठतात. पैसे कुठल्या जंगलात जातात, असं विचारलं की गडबडतात.

पण हडपसरला आमचं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, आणि अशा संस्थांच्या कामाने काय बदललं ते मी आमच्याच फळीवर बघितलं आहे. गिधाडांबद्दल बोलते आहे. सासऱ्यांच्या वेळी डायक्लोफिनॅक हे दुखणं-सूज उतरवणारं औषध हातोहात खपायचं. गाय लंगडते, कास सुजली, बैल उठत नाही, की 'डायक्लो द्या'. स्वस्त, आणि संध्याकाळपर्यंत जनावर वैरणीला तोंड लावायचं. लोणी काळभोर, उरुळीचे गोठेवाले नाव घेऊन मागायचे.

याच औषधाने गिधाडं मरतात हे अमेरिकेतल्या पेरेग्रीन फंड या संस्थेच्या पथकाने पाकिस्तानात शोधलं आणि २००४ साली जाहीर केलं. टोचलेलं जनावर दगावलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात, आतल्या अवयवांवर चुन्यासारखी पांढरी पुटं चढतात. शंभरात एखाद्या मढ्यात औषध असलं तरी पुरे, कारण एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली.

२००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. हरियाणात पिंजोरला मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या निसर्ग-अभ्यासक संस्थेने गिधाडांचं प्रजनन केंद्र उभं केलं, त्याला पैसा आणि तज्ज्ञ पुरवले ब्रिटनच्या आरएसपीबी या पक्षिरक्षण संस्थेने. (टोप्यांवर पक्ष्यांची पिसं मिरवायच्या फॅशनविरुद्ध १८८९ साली बायकांनीच सुरू केलेली ही संस्था, हे मुद्दाम सांगते.) तिकडच्या सभासदांच्या वर्गणीवर इकडची गिधाडं वाढली, यात मला तरी कमीपणा वाटत नाही.

मला जास्त कौतुक आहे ते या संस्थांनी केलेल्या औषध दुकानांच्या पाहणीचं. साध्या गिऱ्हाइकासारखं काउंटरवर यायचं, गाईचं दुखणं सांगायचं, दुकानदार काय काढून देतो ते टिपायचं. त्यात उघड झालं की बंदीनंतरही माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची मोठी बाटली गोठ्यात जाते आहे. म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीपेक्षा मोठी कुपी बंद झाली. मोठ्या गाईला एका वेळी पाचेक कुप्या फोडाव्या लागतात, तेवढी खटपट कोण करणार! फोटोला उभं राहायला यात काही नाही, पण काम असं असतं. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक या तशाच दुखण्यावरच्या औषधांवर जनावरांसाठी बंदी आली. एसिक्लोफिनॅकचं तर गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं. नंतर निमेसुलाइडही गेलं.

आता उरलेलं काम लंडनहून होणार नाही. बंदीचा कागद दुकानापर्यंत येतो, गोठ्यापर्यंत जात नाही. अजूनही कुणी काउंटरवर हळूच विचारतं, 'माणसांचं असलं तरी चालेल, ताई.' दुखण्यावरचंच मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, टोल्फेनॅमिक ॲसिडही. मेलोक्सिकॅमच्या किमतीतही आता रडावं असं काही नाही. तरी 'त्याने गुण उशिरा येतो' हे एकदा डोक्यात बसलेलं निघत नाही, आणि मी समजावायला लागले की 'बाईला आपला माल खपवायचाय' अशा नजरेने बघतात.

दूध संघांनी मनावर घेतलं तर हे सोपं आहे. संकलन केंद्रावर फॅट आणि दराचा फळा असतोच, त्याच्या शेजारी चार बंद औषधांची आणि दोन चालणाऱ्या औषधांची नावं लिहायला खडूशिवाय काय लागतं? गावोगाव फिरून टोचणाऱ्यांनाही ती तिथेच दिसतील.

आणि आपल्याला एक विनंती. आपल्या शेतीच्या पानावर ही सहा नावं चौकटीत, मोठ्या टायपात छापाल का? गिऱ्हाईक माझं ऐकत नाही, पेपरातलं ऐकतं. कात्रण काउंटरच्या काचेखाली लावून ठेवीन.

आपली,
जनावरांच्या औषधांची एक विक्रेती, हडपसर, पुणे