बॅटरीची रेंज सगळे विचारतात, टायरमधल्या हवेचं कोणीच विचारत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इलेक्ट्रिक सायकलबद्दल पेपरात काहीही छापून आलं की बॅटरी किती तासात चार्ज होते, एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते, मोटर किती वॅटची, हे सगळं असतं. माउंटन बाइक असेल तर सस्पेन्शन आणि गिअर. टायरवर एक ओळ नसते. आणि गंमत बघा, माणूस वाटेत अडकतो तो बहुतेक वेळा टायरमुळेच, कारण बॅटरी संपली तरी पेडल मारत कसंबसं घरी येता येतं, पण पंक्चर झालं की वीस-पंचवीस किलोचं धूड ढकलत आणायचं. पत्र जरा लांब झालंय, जागा नसेल तर कापा, फक्त हवेचा भाग ठेवा ही विनंती.

पंक्चर झालं की लोक म्हणतात रस्त्यात खिळा होता त्याला मी काय करणार. असतो ना खिळा, पण ट्यूब बाहेर काढून भोक नक्की कुठं आहे ते बघितलं तर बऱ्याचदा खिळ्याचा संबंधच नसतो. भोक रस्त्याकडच्या अंगाला असेल तर काटा, काच, बारीक तार असलं काहीतरी घुसलंय. शेजारी शेजारी दोन छोट्या चिरा असतील, साप डसल्यासारख्या, तर समजायचं की हवा कमी होती, चाक खड्ड्याच्या काठावर किंवा दगडावर आपटलं आणि ट्यूब टायर न् रिमच्या मध्ये चेंगरली. भोक आतल्या बाजूला म्हणजे रिमकडे असेल तर रिमटेप (स्पोकची टोकं झाकायला रिमवर आतून लावलेली पट्टी) सरकलीय आणि स्पोकचं टोक नाहीतर रिममधल्या भोकाची धार ट्यूबला घासतेय, मग कितीही भारी टायर घाला, ती टेप बदलल्याशिवाय पंक्चर थांबणार नाही.

चौथा प्रकार व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटण्याचा, आणि ई-बाइकवाल्यांनी हा नीट समजून घ्यायला पाहिजे. मोटरचा जोर चाकावर एकदम येतो, हवा कमी असली की टायर रिमवर थोडा थोडा सरकतो, सरकताना ट्यूबला बरोबर ओढतो, व्हॉल्व्ह तर रिमच्या भोकात अडकलेला, मग तो हळूहळू तिरका होत जातो आणि एक दिवस मुळातून फाटतो. तिथं पॅच बसत नाही, ट्यूब फेकायचीच. व्हॉल्व्ह सरळ उभा आहे का तिरका झालाय हे नुसतं वाकून बघितलं तरी कळतं, तिरका दिसला तर हवा सोडून टायर जागेवर सरकवायचा आणि पुन्हा हवा मारायची, संपलं.

म्हणजे या चारांतल्या दोन प्रकारांत मूळ दुखणं कमी हवेचं. ट्यूब ब्युटाइल रबराची असते आणि तिच्यातून काहीही न होता थोडी थोडी हवा जातच राहते, त्यामुळे उभी असलेली सायकलसुद्धा महिन्याभरात ढिली पडते. लोक अंगठ्याने दाबून म्हणतात ठीक आहे. अहो जाड टायर २५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणि ३५ पीएसआयला अंगठ्याला जवळपास सारखाच लागतो! गेज असलेला पंप लागतो, आणि आठवड्यातून एकदा तो लावायचा, एवढंच. आकडा टायरच्या कडेलाच छापलेला असतो, पण तो बहुतेक वेळा जास्तीत जास्तचा असतो किंवा किमान-कमाल असा, तेवढी हवा भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. माउंटन बाइकच्या सव्वादोन-अडीच इंची टायरला ट्यूब असेल तर साधारण २८ ते ३५ पीएसआय, ट्यूबलेस असेल तर २० ते २८, दोन इंची टायरच्या शहरी ई-बाइकला त्याहून जास्त, ४० च्या पुढे. चालवणारा जड असेल किंवा मागे सामान असेल तर आणखी थोडी, आणि मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्तच. काही गेज बारमध्ये असतात, १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. उगाच ठासून भरायचीही गरज नाही, डोंगरात टणक टायर दगडावरून उड्या मारतो आणि ग्रिप जाते. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने सायकलला हवा मारणारे बघितले की माझा जीव वर-खाली होतो, ते यंत्र मोटारीच्या टायरसाठी, सायकलच्या एवढ्याशा ट्यूबमध्ये प्रेशर कधी दुप्पट झालं ते कळतही नाही.

आता काट्या-काचांचं. पंक्चर मागच्या चाकाला जास्त होतं, कारण वजन तिकडे असतंच, शिवाय रस्त्यावर आडवी पडलेली तार किंवा काच पुढचं चाक उडवून उभी करतं आणि मागचं चाक नेमकं त्यावर जातं. काचेचा तुकडा लगेच ट्यूबपर्यंत पोचतो असंही नाही, तो रबरात रुतून बसतो आणि चाक फिरेल तसा रोज थोडा आत सरकतो. म्हणून मधून मधून चाक हाताने फिरवून टायरमध्ये रुतलेलं काय काय आहे ते टोकदार काहीतरी घेऊन उकरून काढायचं, हे फुकटचं काम कोणी करत नाही. ओल्या रस्त्यावर तर जास्त बघायचं, रबर ओलं असलं की काच सहज कापत जाते. आणि ई-बाइकचा मागचा टायर मोटरच्या जोराने लवकर झिजतो, पार गोटा झालेल्या टायरमध्ये काट्याला अडवायला उरतंच काय? पंक्चर काढल्यावर काटा टायरमध्येच राहिला तर नवी ट्यूबही तासाभरात जाणार, त्यामुळे टायरच्या आतून फडकं फिरवायचं (उघडं बोट नाही, कापेल). टायरवरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असा टायर बसवलेला असेल तर ट्यूबच्या भोकावरून टायरमध्ये कुठं शोधायचं ते लगेच कळतं.

उपाय म्हणून बाजारात बरंच काही मिळतं आणि सगळंच सगळ्यांसाठी नाही. माझं मत स्पष्ट आहे, ई-बाइकवाल्याने आत पट्टा असलेला जाड टायर घ्यावा, माउंटन बाइकवाल्याने ट्यूबलेस करावं. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लससारख्या टायरमध्ये ५ मिलिमीटर जाडीचा रबरी थर असतो, टायर जड होतो हे खरं, पण मोटर आहे म्हटल्यावर त्या वजनाची तक्रार कशाला. डोंगरात मात्र तेच वजन पायाला जाणवतं, तिथं ट्यूबच नसली तर चेंगरणार काय. मॅव्हिक कंपनीने १९९९ मध्ये यूएसटी नावाची ट्यूबलेस पद्धत आणली तेव्हापासून हे माउंटन बाइकमध्ये रुळत गेलं. आत सीलंट म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव असतं, काटा घुसला की ते भोकात जाऊन घट्ट होतं. पण लोक एकदा सीलंट ओतून विसरतात. ते दोन ते सहा महिन्यांत वाळतं, गरम कोरड्या हवेत आणखी लवकर, मग आत नुसती वाळलेली साय. टायरची बाजू फाटली तर सीलंट काही करत नाही हेही लक्षात ठेवा. ट्यूबमध्ये घालायचं सीलंट वेगळं येतं, बारीक काट्यांना चालतं, चेंगरलेल्या ट्यूबला नाही, आणि नंतर त्या ट्यूबवर पॅच चिकटवताना त्रास होतो. टायर न् ट्यूबच्या मध्ये घालायची प्लॅस्टिकची पट्टी मला फारशी पटत नाही, तिची कापलेली कड नीट घासली नाही तर तीच ट्यूब कापते.

आणि ते भरीव टायर, पंक्चरप्रूफ म्हणून विकतात ते. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणायच्या आधी सायकलींना भरीव रबरच असायचं आणि हाडं खिळखिळी व्हायची, लोकांनी ते सोडलं ते काही उगाच नाही. हादरे हवेऐवजी स्पोक, रिम आणि तुमची कंबर खाते, चाक जड फिरतं म्हणून बॅटरीही लवकर उतरते. सपाट रस्त्यावर जवळपास फिरायला ठीक, पण डोंगरात अजिबात नको.

हे सगळं ई-बाइकला जास्त का लागू, तर हब मोटरचं, म्हणजे मोटर चाकाच्या मधोमधच बसवलेली असते असलं, मागचं चाक काढणं हे साध्या सायकलसारखं काम नाही. वायरचा कनेक्टर सोडवा, केबलचे पट्टे कापा, जाड नट खोला, वॉशर कुठल्या क्रमाने होते ते लक्षात ठेवा, एक उलटा बसला की एक्सल फिरून वायर तुटायची भीती. म्हणून वाटेत भोक सापडलं असेल तर चाक काढूच नका, बॅटरी बंद करा, टायरची एकच बाजू रिमवरून उतरवा, तेवढाच ट्यूबचा भाग बाहेर ओढा, घासा, सोल्युशन लावून ते वाळू द्या (घाई केली की पॅच सुटतो), चिकटवा आणि आत घाला.

तेव्हा संपादकसाहेब, यापुढे सायकलींची परीक्षणं छापाल तेव्हा लिहिणाऱ्यांना चार गोष्टी विचारायला सांगा: टायरमध्ये पट्टा आहे का, रिम ट्यूबलेसला चालते का, मागच्या चाकाची वायर कनेक्टरने सुटते का सरळ आत गेलेली आहे, आणि टायर बदलायचा तर माप काय. माप म्हणजे ते ५७-५८४ असलं, पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये, नुसतं साडेसत्तावीस इंची लिहिण्यापेक्षा हे छापलं तर दुकानात भलती ट्यूब गळ्यात पडणार नाही. आणि सायकल कंपन्यांचे लोक हे वाचत असतील तर त्यांना एकच विचारायचंय, एवढा मोठा चार्जर खोक्यात घालता, त्याच्या शेजारी गेज असलेला एक हातपंप ठेवायला जागा नाही का?

आपला,
एक सायकलवाला वाचक