दत्तकाची फाइल फोडणाऱ्याला शिक्षा कोणती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अनाथालयातले बाळ नव्या आईवडिलांच्या स्वाधीन करतानाचे फोटो वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतात. खाली गावाचे नाव, शिवाय बाळ कुठे सापडले होते तेही. हेतू चांगला असेल. पण काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा तपशील छापायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सापडलेल्या मुलाच्या आईवडिलांच्या शोधासाठी फोटोसह जाहिरात द्यावीच लागते. घर मिळाल्यावरच्या फोटोने कोणाचा शोध लागायचा आहे?

माझे खरे दुखणे मात्र पुढचे आहे. मी एका दत्तक मुलीची आई. ती दत्तक आहे हे आम्ही तिला लहानपणीच सांगितले. पण तिची जन्मदात्री कोणत्या गावची, कोणत्या जातीची, तिने मूल का सोडले, हे मुलीच्या आधी आमच्या सोसायटीला कळले. कामानिमित्त कागद पाहिलेल्या एका कर्मचाऱ्याने ते नातेवाइकांत सांगितले आणि तिथून ते व्हॉट्सॲपवर गेले. तक्रार द्यायला गेलो, तर पहिला प्रश्न आला, "कोणत्या कलमाखाली?"

तो प्रश्न गैर नव्हता. कलम ७४ चा रोख चौकशी, तपास वा न्यायालयीन प्रक्रियेच्या वृत्तांतावर आहे. दत्तकाच्या नोंदी गोपनीय ठेवा, आदेश कुठल्याही सार्वजनिक पोर्टलवर टाकू नका, असे दत्तक नियमावली बजावते. पण माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा काय, ते सांगत नाही. दत्तक संस्थेने आदेश मिळवायला विलंब केला तर कलम ६५ खाली ५० हजारांपर्यंत दंड आहे. विलंबाला दंड आहे आणि एका मुलीचे आयुष्य चव्हाट्यावर मांडण्याला स्वतंत्र कलम नाही! २०२१ च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार कोर्टाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे दिला. बंद दाराआड सुनावणीची अट कायम आहे, पण फाइल कार्यालयातल्या किती टेबलांवरून फिरते, हे कोणी पाहायचे?

संस्था, रुग्णालय, शाळा, सरकारी कार्यालय, जिथे जिथे हे कागद हाताळले जातात तिथल्या प्रत्येकाला लागू होईल असा स्पष्ट गुन्हा कायद्यात हवा. त्याच वेळी गोपनीयतेच्या नावाखाली मुलांनाच दार बंद होऊ नये. १८ वर्षांनंतर मूल स्वतः, त्याआधी पालकांसह, रूट सर्चसाठी, म्हणजे आपल्या जन्मदात्यांच्या शोधासाठी, अर्ज करू शकते; तिऱ्हाइताला तो हक्क नाही. माझी मुलगी कधी अर्ज करील तेव्हा तिला भेटायचे की नाही, हे तिच्या जन्मदात्रीने ठरवायचे आहे. आज त्या बाईचे नाव गावभर झाले, तर ती कशी पुढे येईल?

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर महिला व बालविकास विभागाने असे कागद फोडणाऱ्या कर्मचाऱ्यांवर शिस्तभंगाच्या कारवाईचे परिपत्रक काढावे, आणि आपण स्वाधीन करतानाचे फोटो छापणे थांबवावे, ही विनंती.

आपली,
एक दत्तक पालक, सातारा