खेळ थांबला, मन थांबत नाही

व्हिडिओ गेमच्या वेळमर्यादेवरील आपला अग्रलेख वाचला. 'दोन तास झाले की स्क्रीन बंद, प्रश्न मिटला' हा त्यातला सूर पटला नाही. स्क्रीन बंद झाली तरी मेंदू काही काळ खेळतच असतो. हार्वर्डचे झोपेचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २७ जण तीन दिवसांत सात तास टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे रचण्याचा खेळ खेळले. झोप लागता लागता त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या डोळ्यांपुढे ठोकळे पडत होते. या २७ जणांतल्या स्मृतिलोप झालेल्या पाचांपैकी तिघांनाही ते दिसले. गंमत म्हणजे आपण हा खेळ खेळलो, हेच त्यांच्या लक्षात नव्हते.

माझेच सांगतो. रात्री तासभर मोटारशर्यत खेळलो की सकाळी रस्त्यावर दोन गाड्यांमधली फट दिसताच उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आपोआप जड होतो. हा आजार नव्हे, त्याला व्यसनही म्हणू नये. पण किती वेळ खेळलो याइतकेच खेळून लगेच काय करतो, झोपतो की गाडी काढतो, हेही पाहायला हवे. अग्रलेखात त्याबद्दल एक ओळही नाही.

– एक वाचक