लाइन तोडायची नाहीये साहेब, लाइनच्या बाहेर थांबायचंय

मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य,

साहेब, मी कांदिवलीला राहते. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे आणि गोल फिरणारं काहीही म्हणजे त्याचा जीव की प्राण. लोकांना वाटतं अशी मुलं अम्युझमेंट पार्कातल्या राइडला घाबरत असतील, पण आमचा राइडवर बसला की एकदम खूश, खरी परीक्षा त्याच्या आधीच्या पाऊण तासाची. पत्र्याच्या शेडखाली रेलिंगमध्ये उभं राहायचं, मागचा खेटतोय, डोक्यावर स्पीकर, आणि नंबर कधी लागणार ते कोणीच सांगत नाही. तो आधी कान झाकतो, मग मनगट चावतो, मग तिथेच फतकल मारून बसतो. मागून कोणीतरी म्हणतंच, पोराला जरा शिस्त लावा.

सुट्टीत एका मोठ्या पार्कात (नाव घेत नाही) काउंटरवर यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, दाखवलं तर तिथली मुलगी म्हणाली, "पण मॅडम, हा तर चालतोय की." तिच्यावर राग नाही, तिला कोणी शिकवलेलंच नव्हतं. तिकिटात सवलत मात्र लगेच देत होती. सवलत नको हो, पूर्ण पैसे घ्या.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. त्याच कायद्याचं कलम 29 म्हणतं की करमणुकीतही बरोबरीने भाग घेता यावा म्हणून सरकारने पावलं उचलायची. डिसेंबर 2022 मध्ये आपल्याकडे दिव्यांगांसाठी वेगळं खातं झालं तेव्हा आमच्या पालकांच्या ग्रुपवर सगळे काय खूश होते! पण अजून पार्कवाल्यांच्या डोक्यात दिव्यांग म्हणजे रॅम्प, तो बांधला की झालं.

अमेरिकेत डिस्नेच्या पार्कांत 2013 पासून एक पद्धत आहे. लाइन जेवढ्या वेळाची असेल तेवढ्या वेळानंतरची वेळ तुम्हाला देतात, तोवर कुठेही शांत बसा, वेळ झाली की या. म्हणजे कोणाचा नंबर खाल्ला नाही, फक्त थांबायची जागा बदलली. आपल्याकडे जादा पैसे भरले की वेगळ्या लाइनने आत सोडतातच ना बऱ्याच ठिकाणी, मग दुसरं गेट आहे, तिथे माणूस पण आहे, फक्त आमच्यासाठी उघडत नाही.

आणि डबा! माझा मुलगा साधी पोळी आणि एकाच कंपनीचं दही खातो, बाकी काही नाही, हा लाड नाहीये. गेटवर डबा उघडून बघितला, वास घेतला आणि "आत फूड कोर्ट आहे" म्हणून ठेवून घेतला. आत पिझ्झा. दिवसभर पोर पाण्यावर. टॉयलेटमधल्या त्या हात सुकवायच्या मशीनबद्दल तर बोलायलाच नको, ती सुरू झाली की तो ओला हात घेऊन बाहेर पळतो, निदान एका टॉयलेटमध्ये तरी ती बंद ठेवून साधे टिश्यू ठेवा.

तर साहेब, एक जीआर काढा. यूडीआयडी दाखवलं की लाइनबाहेर थांबायची सोय, घरचा डबा आत, आणि कुठल्या राइडला किती आवाज-लाइट आहे ते तिकीट काढायच्या आधी वेबसाइटवर. महापालिकेशी बोलून राणीच्या बागेत एखाद्या साध्या वारी सकाळचा पहिला तास आमच्या मुलांना दिलात तर सुरुवात तिथूनही होईल. आणि जीआर मराठीत, एका पानात बसेल असा काढा, म्हणजे गेटवरच्या सिक्युरिटीला तिथल्या तिथे वाचून दाखवता येईल.

एक आई, कांदिवली