ताम्हिणी घाटातल्या मावशींना

आई पुण्यात वारली. ‘मला माणगावलाच न्या’ असं तिने बजावून ठेवलं होतं, म्हणून जुलैतल्या त्या रात्री तिला घेऊन निघालो. ताम्हिणी घाटात टायर फुटला. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. धो धो पाऊस, मोबाईलला रेंज नाही.

वळणावर चहा-कणसांची टपरी होती. तिथल्या मावशींनी झोपलेल्या मुलाला उठवलं. तो ड्रायव्हरला मागे बसवून, स्टेपनी घेऊन दुचाकीवर पौडच्या बाजूला गेला. अडीच तासांनी परतला. पेट्रोलचे तेवढे पैसे घेतले.

तोवर मावशी गाडीत आईच्या उशाशी बसून होत्या. “तुम्ही च्या घ्या जा. मी हाय हितं. एकटं नाय ठेवायचं.” आईच्या पायांवरची चादर भिजलेली पाहून त्यांनी घरातली गोधडी आणून पांघरली.

गोधडी बघितली आणि इतका वेळ गप्प असलेली माझी मुलगी रडायला लागली. आईने चारही नातवंडांसाठी, ती जन्मायच्या आधीच, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या होत्या. टाके वाकडेच (तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती). “सांग की आजीचं,” मावशी म्हणाल्या. मग मुलगी सांगत राहिली: आजीचे घावणे, आजीचं पत्त्यांतलं लबाडी करून जिंकणं. मावशी चक्क हसल्या. आम्हीही.

मावशी, तुमचं नाव विचारायचंही राहिलं. दिवाळीत आलो तेव्हा टपरी बंद होती. गोधडी धुऊन ठेवली आहे, पावसाळ्यात घेऊन येतो.