मशीन दिली, पण सुई कोण देणार?

संपादक साहेब, नमस्कार.

२० जूनला जागतिक निर्वासित दिन असतो हे मला तुमच्या पेपरातूनच कळलं, नाहीतर आमच्या लालबागच्या दुकानात कसला दिन नि कसलं काय. त्या पानावर एक फोटो होता, कुठल्यातरी छावणीत एका बाईला शिलाई मशीन देतायत, मशीनला लाल रिबीन, बाजूला सात-आठ माणसं हसतायत. बातमी वाचायच्या आधी माझं लक्ष मशीनवरच गेलं, कारण वडिलांपासून आमचा धंदाच मशीन दुरुस्तीचा, आणि बघितलं तर वर दोऱ्याचं रीळसुद्धा नाही. म्हणजे द्यायच्या आधी ती कोणी चालवून बघितलेली नाही हे आमच्यासारख्याला लगेच कळतं.

चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या ओळखीने मी पालघर जिल्ह्यात मोखाड्याच्या बाजूला गेलो होतो. एका संस्थेने (नाव लिहीत नाही, हेतू चांगलाच होता) एका पाड्यावर मशीन वाटल्या होत्या, दोन वर्षांत सगळ्या बंद पडल्या, जरा बघून द्या म्हणाले. गेलो तर एका मशीनवर टीव्ही, एकीवर पाण्याचे हंडे, एकीच्या पायडलखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली, तिला उठवायचं कोणी तर त्या घरातली म्हातारी मलाच ओरडली. अकरा मशीन उघडल्या. खरोखर मोडलेल्या दोनच. बाकीच्यांत कुठे सुई तुटलेली, कुठे उलटी लावलेली, कुठे पट्टा सैल पडलेला, शटलमध्ये धाग्याचा कचरा, आणि तीन मशीनमध्ये कोणीतरी खोबरेल घातलेलं, ते आतमध्ये सुकून डिंकासारखं झालं आणि मशीन जाम. मशीनचं तेल वेगळं असतं हे त्या बायकांना कोणी सांगितलंच नव्हतं, त्यांची काय चूक. सुई मिळते चार-पाच रुपयांना पण ती आणायला जव्हारच्या बाजाराला जायचं तर भाडं किती आणि एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

संध्याकाळपर्यंत नऊ चालू करून दिल्या आणि मी आपला खूश. तेव्हा चहा देता देता एक ताई म्हणाल्या, भाऊ, मशीन चालल पण शिवून घ्यायला कोण हाय, दिवाळी झाली की निम्मा पाडा भट्टीवर जातो. भट्टी म्हणजे वीटभट्टी, भिवंडी-वसईकडच्या. मी गप्पच झालो. गिऱ्हाईकच गावात नाही तर ब्लाऊज कोणाचा शिवणार?

त्याच भागात जव्हार-विक्रमगडला दुसरी गोष्ट पण बघायला मिळते. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावला, भल्या सकाळी कळ्या खुडतात आणि माल दादरच्या फुलबाजारात येतो. बायफसारख्या संस्थांनी तिकडे वाडीचं काम वर्षानुवर्षं केलंय, म्हणजे आंबा-काजूची कलमं, पाण्याची सोय, झाडं जगेपर्यंत मागे लागणं. फरक काय तर मोगऱ्याला दादर आहे. मशीनला कोण होतं?

आता कोणी म्हणेल फुकट मदत बंदच करा, लोक आळशी होतात, तर तसं मी अजिबात म्हणत नाही. आमची आजी साताऱ्याकडची, ७२ च्या दुष्काळाचं सांगायची, अमेरिकेची लाल मिलो, म्हणजे ज्वारीच, यायची रेशनला, भाकरी धड होईना, सगळे नाकं मुरडायचे पण खायचे, जीव तिनेच वाचवला. पण त्याच वेळेला रोजगार हमीची कामं निघाली, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं, घाम गाळून पैसे. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंची ती कल्पना, १९७७ ला महाराष्ट्राने त्याचा कायदा केला आणि २००५ ला देशभर तसाच कायदा आला. आजी मिलोचं हसत सांगायची आणि तलावाचं सांगताना म्हणायची, तो आम्ही बांधला.

निर्वासितांचं म्हणाल तर लांब कशाला, उल्हासनगर बघा. फाळणीनंतर सिंधी लोकांना कल्याणच्या जुन्या मिलिटरी छावणीत आणून ठेवलं, अजूनपण आपण कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पाच असंच बोलतो, १९४९ ला त्याचं उल्हासनगर झालं. वडील सांगायचे की ही माणसं ट्रेनमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायची, आणि नंतर त्यांच्याच मशीन आमच्याकडे दुरुस्तीला यायला लागल्या. आज तिथल्या जीन्स सगळीकडे जातात. मेहनती होतेच, पण त्यांना काम करायला कोणी बंदी केली नव्हती, जवळ रेल्वे होती आणि समोर अख्खी मुंबई गिऱ्हाईक म्हणून उभी होती हे आपण विसरतो. थंडीत परळला स्वेटर घेऊन बसतात त्या तिबेटी बायकांचं पण तेच.

उलट बांगलादेशात कॉक्स बझारला बघा. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांच्या वर रोहिंग्या पळून तिकडे गेले, छावणीबाहेर कायदेशीर काम करायला परवानगी नाही, म्हणजे सगळं रेशनवर. आणि २०२३ मध्ये देणग्या आटल्या तर माणशी महिन्याला १२ डॉलर मिळायचे त्याचे ८ केले. हात बांधून ठेवायचे आणि मग ताट पण ओढायचं. युगांडात निदान जमिनीचा तुकडा देतात, काम करू देतात, बिडीबिडी नावाची मोठी वसाहत आहे तिकडे. तुकडा छोटा असतो, रेशन त्यांचं पण कापलं, सगळं गोड नाहीये. पण तिथल्या माणसाने मशीन घेतली तर निदान दुकान तरी टाकता येईल.

आणि नुसती ऑर्डर दिली म्हणून पण होत नाही बरं का. २०२४ मध्ये शाळेच्या गणवेशांची शिलाई सरकारने बचत गटांकडे दिली, मला फार आनंद झाला होता. पण गणवेश वेळेवर पोचले नाहीत, ओरड झाली आणि पुढच्या वर्षासाठी निर्णय परत फिरवला. आमच्या धंद्यात कापड उशिरा आलं की शिवणाराच शिव्या खातो, त्यामुळे नुसतं बायकांना जमलं नाही असं कोणी म्हणू नये.

तर माझी विनंती तुमच्या वाचकांना, ज्यांच्या ट्रस्ट आहेत, सीएसआरवाले म्हणजे कंपन्यांचा समाजकामाचा पैसा बघणारे आहेत. मशीन जरूर द्या, पण पायाची द्या, मोटरची नको, कारण तिकडे लाईट जाते. सोबत १४ आणि १६ नंबरच्या सुयांची पाकिटं, दोन बॉबिन केस, एक जास्तीचा पट्टा आणि मशीनच्या तेलाची बाटली द्या, मोठा खर्च नाही. आणि ते शिवतील ते पहिलं वर्षभर कोण विकत घेणार हे वाटपाच्या आधी ठरवा, फोटोच्या नंतर नाही.

दुरुस्तीचं मी बघतो. कुठल्याही पाड्यावरच्या दोन मुली पंधरा दिवस माझ्या दुकानात पाठवा, मशीन खोलायला, टायमिंग लावायला शिकवतो. फी नाही. राहायची सोय मात्र तुम्ही करा, माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत आधीच आम्ही पाच जण आहोत. गणपतीचे दिवस सोडून कधीही चालेल, तेव्हा लालबागमध्ये दुकानापर्यंत पोचताच येत नाही.

आपला,
एक शिलाई मशीन दुरुस्तीवाला, लालबाग, मुंबई